२०१७ चा कायदा ही एकट्या पुतिन यांची करणी नव्हे

रशियात कौटुंबिक मारहाण गुन्ह्यातून वगळण्याचा निर्णय पुतिन यांनी एकहाती लादला, असे म्हटले जाते. त्यांची २०१७ च्या फेब्रुवारीतील स्वाक्षरी निर्णायक होती हे खरे; पण त्याआधीचे सहा महिने या मांडणीतून निसटतात. जुलै २०१६ मध्ये साधी मारहाण फौजदारी संहितेतून काढताना जवळच्या नातेवाइकांना केलेली मारहाण मात्र गुन्हाच राहील, असा अपवाद ठेवला होता, आणि त्यावर त्यांचीच स्वाक्षरी होती. ऑर्थोडॉक्स चर्चच्या कुटुंबविषयक आयोगाने आणि पुराणमतवादी पालक संघटनांनी या अपवादावर हल्ला चढवला, सिनेटर येलेना मिझुलिना यांनी दुरुस्ती आणली आणि दूमाने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, ती ३८० विरुद्ध ३ मतांनी मंजूर केली. म्हणजे सत्ता इथे हुकूम सोडण्यापेक्षा आपल्या सोयीच्या गटाला वाट करून देताना दिसते, जे माझ्या मते अधिक चिंताजनक आहे.

प्रत्यक्षात, हाड न मोडता केलेल्या पहिल्या मारहाणीला बहुधा ५,००० ते ३०,००० रूबल दंड होतो, आणि तो अनेकदा मार खाणाऱ्या स्त्रीच्याही संसारखर्चातूनच भरला जातो. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१९ मध्ये वोलोदिना या पीडित स्त्रीच्या खटल्यात, तिला कौटुंबिक हिंसेपासून संरक्षण न दिल्याबद्दल रशियाला दोषी ठरवले होते. सप्टेंबर २०२२ पासून रशिया हे न्यायालय ज्यावर उभे आहे त्या युरोपीय मानवी हक्क करारातूनच बाहेर असल्याने त्यानंतरच्या घटनांसाठी तोही दरवाजा बंद आहे.