पल्मनरी हायपरटेन्शन: राज्यात चार तज्ज्ञ केंद्रं हवीत की जिल्ह्याजिल्ह्यात सोय?

कोयनाकाठ

माझी धाकटी बहीण आज ३६ वर्षांची आहे. जिना चढताना धाप लागते म्हणून ती पहिल्यांदा दवाखान्यात गेली २०१९ मध्ये. आधी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या, मग दमा म्हणून पंप, मग ‘टेन्शन घेऊ नका’. पाण्याची घागर उचलताना ती चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे टू डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. पल्मनरी हायपरटेन्शन हे नाव आमच्या कानावर पडलं तेव्हा २०२२ उजाडलं होतं. हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमनीतला दाब वाढतो आणि हृदयाची उजवी बाजू दमून जाते, असा हा आजार. दंडाला पट्टा बांधून मोजतात ते बीपी तिचं कायम नॉर्मल, त्यामुळे घरात कुणाला पटेचना.

इको झाला त्याच दिवशी सिल्डेनाफिल, म्हणजे फुप्फुसातल्या धमन्या सैल करणारं औषध, सुरू केलं. मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून नळी घालून दाब प्रत्यक्ष मोजतात, ती उजव्या हृदयाची कॅथ करायला हवी, हे आम्हाला आठ महिन्यांनी दुसऱ्या शहरात कळलं. तिथे औषधं बदलली, वाढवली, आणि आता ती सहा मिनिटांत पूर्वीपेक्षा बरंच जास्त अंतर चालते. तिथल्या डॉक्टरांनी असे शेकडो रुग्ण पाहिलेत. आधीच्यांनी कदाचित दोन पाहिले असतील. त्यांचा दोष मी मानत नाही.

आम्ही काही कुटुंबं मिळून आरोग्य खात्याला पत्र देतोय. मागणी एकच: मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी खर्चाची तज्ज्ञ केंद्रं, आणि या आजाराची खास औषधं तिथेच कॅथ झाल्यावर सुरू करायची, इतरत्र नाही. ब्रिटनमध्ये अख्ख्या देशात मोठ्यांसाठी अशी ७ केंद्रं आहेत. तुमचं मत मोकळेपणाने सांगा.

माळरान

मत विरोधी आहे, राग मानू नका.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात आरोग्य कार्यकर्ता आहे. आमच्याकडून संभाजीनगरला जायचं म्हणजे पहाटेची एसटी, सोबत एक माणूस, दोघांची मजुरी बुडते, आणि त्या दिवशी मशीन बंद असेल तर मुक्काम. ज्या बाईला चुलीपासून मोरीपर्यंत जाताना धाप लागते तिला तुम्ही २०० किलोमीटरवर बोलावताय. आणि ‘इतरत्र औषध सुरू करायचं नाही’ असा नियम झाला, तर जी तिथवर पोचणार नाही तिला काहीच मिळणार नाही.

दुसरं म्हणजे पैसा. भागातल्या मुलांना सांधेज्वर होतो, त्यातून हृदयाच्या झडपा खराब होतात, आणि त्यातून पुढे हाच तुमचा दाब वाढतो. तो थांबवायला दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं एक स्वस्त इंजेक्शन लागतं. ते संपलेलं असल्यामुळे परत गेलेली पोरं मी पाहिली आहेत. जन्मतः हृदयात भोक असलेल्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीतच हुडकून मोफत ऑपरेशन मिळू शकतं. ते वेळेत झालं नाही, तर फुप्फुसातला दाब इतका वाढतो की रक्ताचा प्रवाह उलटा फिरतो, ओठ-नखं निळी पडतात, आणि मग भोक बुजवता येत नाही. एक केंद्र उभारायच्या पैशात अशी किती मुलं वाचतील याचा हिशेब आधी मांडा.

धन्वंतरीपेठ

मी विदर्भात फिजिशियन आहे, २२ वर्षं प्रॅक्टिस. कोयनाकाठ यांच्या मागणीतला अर्धा भाग मला मनापासून पटतो.

इकोच्या रिपोर्टवर ‘पीएएच’ (फुप्फुसाच्या धमनीत दाब वाढलेला) लिहिलेलं दिसलं की सिल्डेनाफिल लिहायचं, ही सवय आमच्यात आहे आणि ती घातक आहे. इको फक्त अंदाज सांगतो. नक्की निदान कॅथनेच: विश्रांतीत सरासरी दाब २० मिलिमीटर पाऱ्याच्या वर. पूर्वी ही रेघ २५ वर होती, २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ती खाली आणली. पण दाब वाढलाय यापेक्षा का वाढलाय हे महत्त्वाचं. या आजाराचे पाच गट आहेत. खास औषधं मुख्यतः पहिल्या गटासाठी, म्हणजे धमन्याच अरुंद झालेल्यांसाठी. केरळमध्ये ५० रुग्णालयांतल्या सुमारे २,००० रुग्णांची नोंद झाली, त्यात निम्म्याहून जास्त रुग्ण दुसऱ्या गटातले निघाले: हृदयाची डावी बाजू किंवा झडप बिघडलेले. त्यांना झडपेची दुरुस्ती आणि लघवीच्या गोळ्या हव्यात. स्पेनमध्ये झडपेच्या ऑपरेशननंतरही दाब राहिलेल्या २०० रुग्णांवर चाचणी झाली. २०१७ साली तिचे निष्कर्ष आले: सिल्डेनाफिल घेतलेल्यांची प्रकृती न घेतलेल्यांपेक्षा जास्त बिघडली. तिसऱ्या गटात चुलीच्या धुराने किंवा जुन्या टीबीने फुप्फुसं खराब झालेले. त्यांना आधी ऑक्सिजन.

चौथ्या गटाबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं. फुप्फुसाच्या धमनीत रक्ताच्या जुन्या गाठी चिकटून बसल्याने होणारा हा प्रकार ऑपरेशनने बरा होऊ शकतो. गाठी आतल्या अस्तरासकट सोलून काढतात. अवघड शस्त्रक्रिया आहे, बंगळुरू-दिल्लीत होते. पण त्यासाठी आधी कुणाच्या तरी डोक्यात व्ही-क्यू स्कॅन, म्हणजे फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं हे दाखवणारी तपासणी, करायचं यायला हवं. बऱ्या होऊ शकणाऱ्या माणसाला आपण जन्मभर गोळ्या देत राहतो, हे मी स्वतः एकदा केलंय. पेशंट दुसरीकडे गेला म्हणून वाचला.

म्हणून निदान केंद्रात, हे बरोबर. पण पुढचं सगळं आमच्याकडे सोपवा. दर महिन्याला केंद्रात बोलावू नका.

सदाफुली_सातारा

मी पेशंट आहे, पाच वर्षं झाली. तुम्ही सगळे कॅथ आणि केंद्रांवर बोलताय, मला मधल्या दिवसांबद्दल सांगायचंय.

औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली की माणूस चिठ्ठीकडे बघतो, मग माझ्याकडे. हेच औषध व्हायग्रा म्हणून विकतात ना. सुरुवातीचं वर्षभर मी नवऱ्याला पाठवत होते, तर त्याच्याकडे बघून हसायचे. गोळ्यांना महिन्याला चार हजाराच्या आसपास जातात. महात्मा फुले योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण ती प्रामुख्याने भरती झाल्यावर आणि ऑपरेशनवर चालते. रोजच्या गोळीचं काय? कोयनाकाठदादा, पत्रात हे पाहिजे.

आणि मूल. लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा निदान झालं. या आजारात गरोदरपण आईच्या जिवावर बेततं, शिवाय आमच्यातल्या काही गोळ्यांनी बाळात व्यंग येतं. हे मला एका डॉक्टरांनी व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं, पुढचा पेशंट आत घेत घेत. घरी जाऊन सासूबाईंना मी काय सांगायचं? सहा महिने मी कुणालाच सांगितलं नाही. खुर्चीवर बसून अर्धा तास बोलणारं एक माणूस मला हवं होतं, माझ्यासाठी आणि घरच्यांसाठी.

अजून एक, हे सगळ्यांनी वाचा. गेल्या वर्षी गावी छातीत दुखायला लागलं. शेजारचे काका धावत सॉर्बिट्रेट घेऊन आले, जिभेखाली ठेव म्हणाले. नवऱ्याने हात धरला. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेणाऱ्याला सॉर्बिट्रेट दिलं तर बीपी एकदम कोसळतं, जीव जाऊ शकतो. हे त्याला ठाऊक होतं, कारण माझ्या दवाखान्यातल्या सिस्टरनी फोनवर दोनदा बजावलं होतं. मोठ्या तज्ज्ञांनी सांगितलं नव्हतं. मला वाचवलं ते त्या सिस्टरच्या फोनने.

माळरान

सदाफुलीताई, हे वाचून थांबलो. सॉर्बिट्रेटचं मलाही ठाऊक नव्हतं, आणि आमच्या आशाताईंना तर कुणी सांगितलेलंच नसणार. उद्याच्या बैठकीत सांगतो.

पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. उपयोग झाला तो जवळच्या माणसाचा.

ढगाळहवा

शेफिल्डहून लिहितोय, जी ७ केंद्रं म्हणताय त्यातलं एक इथे आहे. माझी बायको तिथली पेशंट. मूळचे आम्ही नाशिकचे.

केंद्राचा फायदा खरा आहे. निम्मं काम तिथल्या स्पेशालिस्ट नर्स करतात, फोनवर. औषधं घरपोच येतात. सल्लामसलतीला बरीच माणसं दूरदूरहून येतात, पण वर्षातून मोजक्या वेळा. गाठी सोलायचं ऑपरेशन सगळ्या ब्रिटनसाठी केंब्रिजच्या पॅपवर्थमध्येच होतं, आणि एका ठिकाणी हात बसल्यामुळे निकाल चांगले येतात.

पण केंद्र असूनही तिथवर पोचायला हिला १४ महिने लागले. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, तिलाही पंपच दिला होता. कोयनाकाठ, केंद्र बांधल्याने तुमच्या बहिणीची ती तीन वर्षं वाचली नसती. ती वर्षं पहिल्या दवाखान्यातच गेली.

कोयनाकाठ

दोन दिवस विचार केला. ढगाळहवा यांचं शेवटचं वाक्य खरं आहे, आणि ते मान्य करायला मला जड गेलं, कारण केंद्र झालं की सगळं सुटेल असं मी स्वतःलाच सांगत होतो.

माळरान, हिशेबाच्या मुद्द्याला मात्र माझा विरोध कायम आहे. पेनिसिलीन आणि भोकाची ऑपरेशनं हवीतच, त्याबद्दल दुमत नाही. पण माझी बहीण आणि ती मुलं यांना एकाच ताटातल्या भाकरीसाठी समोरासमोर बसवू नका. विनाकारण, चुकीच्या गटाला वर्षानुवर्षं लिहिलेल्या गोळ्यांचा पैसा कोण मोजणार? एक नीट केलेली कॅथ तो वाचवते.

पत्र बदललंय. ‘इतरत्र नाही’ ही ओळ काढली. आता असं आहे: निदान आणि गट ठरवणं केंद्रात, जाण्यायेण्याचं आणि सोबत्याचं भाडं सरकारने द्यायचं. पुढचा पाठपुरावा जिल्हा रुग्णालयात, केंद्राशी ई-संजीवनीवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्लासेवेवरून, बोलून. महिन्याच्या गोळ्या जिल्ह्याच्या औषधखिडकीवर मोफत. प्रत्येक केंद्रात दोन प्रशिक्षित सिस्टर आणि एक समुपदेशक, फोन नंबरासह. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी एक पान: दमा-ॲनिमियाच्या उपचाराने तीन महिन्यांत धाप कमी झाली नाही, तर इको करा.

धन्वंतरीपेठ

तीन महिने फार झाले. धापेबरोबर चक्कर येऊन पडला किंवा पायावर सूज असेल तर त्याच आठवड्यात इको, असं लिहा. बाकी मसुद्यावर माझी सही धरा.

सदाफुली_सातारा

दादा, अजून एक ओळ. पेशंटच्या पर्समध्ये ठेवायचं कार्ड, मराठीत, मोठ्या अक्षरात: मला सॉर्बिट्रेट देऊ नका. खाली सिस्टरचा नंबर.

कोयनाकाठ

ताई, घातली. पहिला मुद्दाच तो केला. डॉक्टर, तुमचीही दुरुस्ती केली.

माळरान

पहिल्या मुद्द्याला माझी सही. आमच्या ११ आशाताईंच्याही आणतो. चार केंद्रांच्या मुद्द्याला अजून नाही. भाड्याची रक्कम त्या पत्रात आकड्यात लिहा, मग बोलू.