आंबा काढायला माणूस कुठून आणायचा?

पावसची बागायतदार
आमची हापूसची कलमं सासऱ्यांनी रोजगार हमीच्या फळबाग योजनेत लावलेली, म्हणजे १९९० नंतरची. आता ती अंगाबाहेर वाढलीत. दरवर्षी दिवाळीनंतर एक नेपाळी कुटुंब यायचं. बेणणी म्हणजे झाडांखालचं गवत-झुडपं काढणं, फवारणीचे पाइप ओढणं, रात्रीची राखण, मग काढणी, आणि पाऊस लागायच्या आत परत. यंदा ते येत नाहीत, मुलगे आखातात गेले. वाडीतली बरीचशी घरं गणपती-शिमग्यालाच उघडतात. गावात उरलेल्या पोरांना रत्नागिरीतली नोकरी बरी वाटते, आणि त्यांचं चुकत नाही. बागेचं काम मे महिन्यात संपतं, पुढे खायचं काय?

पण काढणी कुणाही गड्याचं काम नव्हे. झेल्याच्या, म्हणजे आंबा उतरवायच्या जाळीच्या काठीच्या, पात्यात डेख (देठ) नीट सापडलं नाही तर फळ डेखाशिवाय सुटतं, चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. असा आंबा पहिल्या प्रतीच्या पेटीत जात नाही. तुम्ही काय करता?

देवगडवाला
ताई, बाग खंडाने, म्हणजे ठरीव रकमेवर दुसऱ्याला करायला, देऊ नका. खंडवाल्याला एका हंगामाचं पीक हवं असतं, कल्टार (मोहोर आणायचं औषध) हात सैल सोडून घालतात. मी गावातलेच दोघे वर्षभरासाठी ठेवलेत. पावसाळ्यात कलमं बांधणं, खत, भातलावणी. पहिल्या वर्षी काढणी सावकाश झाली, पण आता त्यांचा हात बसलाय.

दापोलीहून
झाडंच खाली आणा. आमच्या कृषी विद्यापीठाची जुन्या बागांच्या छाटणीची शिफारस आहे. छाटलेलं झाड दोन-तीन वर्षं फारसं देत नाही, म्हणून सगळी बाग एकदम घेऊ नका. छाटल्यावर खोडकिड्यावर नजर ठेवा. फळ हाताच्या उंचीवर आलं की बायकाही काढणी करतात. एरवी आपण त्यांना फक्त निवडायला आणि पेट्या भरायला बसवतो, तेही कमी मजुरीत. हे मला पटत नाही.

पावसची बागायतदार
मलाही नाही पटत. वाडीतल्या दोघीजणी काजूच्या कारखान्यात जातात, त्यांना विचारते. काढणीला पुरुषाइतकीच मजुरी देईन. छाटणी रस्त्याकडच्या ओळीपासून सुरू करते. दादा, पावसाळ्यात पगार महिन्याने देता की कामाच्या दिवसांवर?

देवगडवाला
महिन्याने. दिवसावर ठेवलं तर जूनमध्येच मुंबईला जातात.