लांबचा प्रवास: ट्रेन की फ्लाइट? तुमचे अनुभव लिहा

आमच्याकडे दर सुट्टीच्या आधी हाच वाद. नवऱ्याला फ्लाइट हवी, सासूबाईंना ट्रेन. पुणे-दिल्ली विमान दोन-सव्वादोन तासांत नेतं खरं, पण लोहगावला आधी जाऊन बसणं, सिक्युरिटी, तिकडे बॅगची वाट बघणं धरलं की अर्धा दिवस गेलाच. तरी झेलमने दिवस-रात्र जाण्यापेक्षा बरं की नाही? लिहा बिनधास्त.

नागपूरची लेक: विदर्भ एक्स्प्रेस झिंदाबाद! संध्याकाळी सीएसएमटीला बसायचं, सकाळी माहेरी नाश्ता. पण आता 1 नोव्हेंबर 2024 पासून बुकिंग 60 दिवसच आधी उघडतं (पूर्वी 120 होते) आणि दिवाळीचं तर उघडल्या उघडल्या वेटिंग, मग नाइलाजाने फ्लाइट बघायची आणि भाऊबीजेचं भाडं बघून लॅपटॉप मिटायचा.

कुडाळकर: कोकण रेल्वेला तोड नाही, पावसाळ्यात तर नाहीच. करबुडेचा साडेसहा किमीचा बोगदा, पानवलचा 64 मीटर उंच पूल, सगळं खिडकीत बसून. मोपाचा विमानतळ आम्हाला जवळ पडतो म्हणून मध्ये एकदा फ्लाइटने आलो, तर आईने भरून दिलेलं सुकं खोबरं बॅगेतून काढायला लावलं! तेलामुळे पेट घेतं म्हणे. कोकम, फणसपोळी 15 किलोत कशीबशी बसवली. आईला फोन केला तर म्हणते, "खोबऱ्याक कित्याक भियतत रे ते?"

बंगळूरवासी: मी ट्रेनवालाच, पण रात्री बाबांना अ‍ॅडमिट केल्याचा फोन आला तेव्हा भाडं न बघता पहाटेची फ्लाइट घेतली, ऑपरेशनला नेण्याआधी भेट झाली. त्या दिवसापासून विमानाला नावं ठेवत नाही.

गुडघेदुखी: सत्तरीच्या माणसाला विचारा. विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवली की पार विमानाच्या दारापर्यंत नेतात. ट्रेनला नशिबी मिडल बर्थ, लोअरसाठी पोरासोरांच्या विनवण्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर टॉयलेटचं नाव काढू नका. ज्येष्ठांची सवलतही 2020 पासून बंदच आहे.

@गुडघेदुखी: काका, सहमत. पण डिसेंबरात दिल्लीच्या धुक्यात विमान अडकलं की स्टीलच्या खुर्चीवर रात्र काढावी लागते. गाडीही लेट होते, पण निदान आडवं पडता येतं.

दोन पोरांची आई: आम्ही हैदराबादला जाताना ट्रेन, येताना फ्लाइट. जाताना सगळे उत्साहात असतात, कर्जतला घाटासाठी मागून इंजिनं लावतात तेवढ्यात वडे घ्यायचे, मग पत्ते, मग अप्पर बर्थ कोणाचा यावरून मारामारी. येताना मात्र कपडे मळलेले, पोरं किरकिरी आणि सोमवारी शाळा. रविवारी रात्रीचं तिकीट महाग पडतं, आम्ही शनिवारचंच धरतो.