मदत हवी आहे: दोन अ‍ॅम्प जोडले की मधला आवाज पोकळ होतो

मंडळी, इलेक्ट्रिक गिटारसाठी दोन अ‍ॅम्प्लिफायरची स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा आवाज) जुळणी करतोय, पण गाडी दोन ठिकाणी अडली आहे.

साखळी अशी: गिटार, कंप्रेसर आणि ओव्हरड्राइव्ह ही आवाज बदलणारी पेडलं (इथवर मोनो, म्हणजे एकच सिग्नल), मग स्टिरिओ डिले, म्हणजे प्रतिध्वनीचं दोन आउटपुटांचं पेडल. डिलेचं डावं आउटपुट ट्यूब अ‍ॅम्पला, उजवं सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवाल्या) अ‍ॅम्पला. दोन्हींच्या पुढच्या इनपुटमध्येच, इफेक्ट्स लूप (पेडलं अ‍ॅम्पच्या आत मध्येच जोडायची वेगळी जागा) वापरत नाही.

एकेक अ‍ॅम्प सुटा वाजवला तर झकास. दोन्ही चालू केले आणि बरोबर मध्ये उभा राहिलो की खालच्या दोन तारांचा दमच जातो. एका अ‍ॅम्पच्या जवळ सरकलो की बेस परत येतो. डिले बायपास करूनही तेच, म्हणजे एका अ‍ॅम्पची पोलॅरिटी उलटी असणार (एकाचा स्पीकर पुढे जाताना दुसऱ्याचा मागे) असं मला वाटतं. ट्यूब अ‍ॅम्पच्या स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या तर चालेल, की पोलॅरिटी स्विच असलेला स्प्लिटर (सिग्नल दोन अ‍ॅम्पना वाटणारा डबा) घ्यावा?

दुसरं, दोन्ही जोडले की घरघर सुरू होते. उजवी केबल काढली की बंद. हा ग्राउंड लूपच ना (दोन्ही अ‍ॅम्पचं अर्थिंग केबलमधून एकमेकांना जोडलं जाऊन होणारी घरघर)? प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कृपया देऊ नका, जिवाशी खेळ नको. एका बाजूच्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाज जाऊ देऊन तारेची थेट जोडणी तोडणारा) टाकला तर आवाजाची धार बोथट होते का? ज्यांनी वापरलाय त्यांनी सांगा.

आणि हो, डिलेनंतर मोनो रिव्हर्ब (खोलीसारखा घुमणारा आवाज देणारं पेडल) लावला तर स्टिरिओची मजाच जाईल, त्यामुळे तो आधी लावून कोणी वाजवतं का?