विहिरीत उतरायच्या आधी गॅस ओळखणारा सेन्सर, तोही सेलवर चालणारा?

कपाशी_दारव्हा: नमस्कार मंडळी. आमच्याकडं उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढाले गडी उतरतात, काही जण डिझेल इंजिनच आत सोडतात, अन् कुठं ना कुठं माणूस आतच राह्यला अशी बातमी येतेच, एक पडला का त्याले काढाले दुसरा उतरते अन् तोही पडते. जुने लोक कंदील सोडून पाहतात. मी डिप्लोमाले आहो, दोरीले बांधून खाली सोडता येईन असा डबा बनवाचा आहे. एमक्यू-135 नावाचा बाजारातला गॅस सेन्सर लावला पण तो सेलच खाऊन टाकते. कुठंतरी वाचलं का वीज वाहणारे सच्छिद्र पदार्थ असतात, त्याइले तापवा लागत नाही. खरं आहे काय? अन् भेटंन कुठं?

रसायन_वर्धा: खरं आहे भाऊ. एमक्यूमध्ये टिन ऑक्साइड असते, ते दोनशे-चारशे डिग्री तापलं तरच नीट काम करते, म्हणून हीटर 5 व्होल्टवर जवळपास 150 मिलीअँपिअर सतत ओढतो. तू म्हणतो ते एमओएफ, म्हणजे धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेली जाळी, आत नॅनोमीटरची भोकं. 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल याच जाळ्यांच्या कामाला भेटलं, कितागावा, रॉबसन आणि याघी यांना. पण बहुतेक एमओएफमधून वीज जातच नाही. 2015 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत दिंका यांच्या गटानं तांबं आणि एचआयटीपी नावाच्या चपट्या रेणूची जाळी केली, ती वीज वाहते, आणि खोलीच्या तापमानालाच, 1 पीपीएमपेक्षा (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) कमी अमोनिया आला तरी तिचा करंट बदलतो. तांब्याच्या जागी निकेल घातलं, बाकी जाळी तशीच ठेवली, तर अमोनियाला ती काहीच दाद देत नाही! म्हणजे कोणता गॅस पकडायचा हे धातू बदलून ठरवता येईल, मला ही फार मोठी गोष्ट वाटते. आणि 2017 मध्ये तिकडच्याच डार्टमाउथ कॉलेजात मिरिका यांच्या गटानं असली जाळी सरळ सुती कापडावर वाढवली, त्या कापडानं हायड्रोजन सल्फाइड 1 पीपीएमच्या खाली ओळखला. आपल्या कापसाच्या मुलखात कोणीतरी हे काम हाती घ्यावं असं मनापासून वाटते.

कोळसा_वणी: पोरा, सेन्सर कोणताही घे, पण विहिरीत माणसाले मारते कोण ते आधी पाय. इंजिन आत चाललं असंन तर कार्बन मोनॉक्साइड, त्याले वासच नाही. बंद पडलेल्या विहिरीत ऑक्सिजनच कमी असते, तिथं विषारी गॅसचा सेन्सर काहीच दाखवणार नाही, कारण विष नसतेच. हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के, 19.5 च्या खाली गेला का उतराचं नाही. कंदील विझते 16-17 टक्क्याच्या आसपास, अन् मोनॉक्साइडवाल्या हवेत तर तो मस्त जळत राह्यते. गोबरगॅसच्या खड्ड्यात कंदील सोडणं म्हणजे स्फोटाले बोलावणं, तिथं हायड्रोजन सल्फाइडही असते, अन् तो 100 पीपीएमच्या वर गेला का नाकच मरते, सडक्या अंड्याचा वास येणंच बंद होते. खाणीत आमच्याकडं चार गॅसचं मीटर असते, मिथेन, मोनॉक्साइड, सल्फाइड, ऑक्सिजन. वरूनच नळी सोडून पंपानं हवा ओढून पाहाची.

कपाशी_दारव्हा: ऑक्सिजनचं माह्या डोक्यातच नव्हतं काका. मंग एमओएफ सोडून देऊ काय?

रसायन_वर्धा: सोडू नको, पण माणसाचा जीव त्यावर टांगू नको. विहिरीत दमटपणा पुरेपूर, आणि पाण्याची वाफ या जाळ्यांच्या रीडिंगमध्ये लुडबुड करते, काही गॅस तर आत असे चिकटतात की सेन्सर पुन्हा जाग्यावर येत नाही. दुकानात तयार असं काही भेटत नाही. डब्यासाठी आजच्या घडीला इलेक्ट्रोकेमिकल सेल घे (हा बॅटरीचा सेल नाही, रासायनिक क्रियेनं गॅस ओळखणारा सेन्सर), एक मोनॉक्साइडचा, एक ऑक्सिजनचा, गोबरगॅससाठी सल्फाइडचा. हीटर नाही म्हणून महिनोन् महिने बॅटरीवर चालतात, फक्त दोन-तीन वर्षांनी बदलावे लागतात आणि मधेमधे माहीत असलेल्या गॅसवर तपासावे लागतात. मिथेन ओळखणारा जुन्या पद्धतीचा मण्याचा सेन्सर मात्र तापतो, वीज खातो, आणि ऑक्सिजन कमी असला की खोटं कमी रीडिंग दाखवतो, त्याच्या भरवशावर राहू नको. एमओएफ कॉलेजच्या लॅबमध्ये सरांसोबत कर.

कोळसा_वणी: अन् इंजिन काठावर ठेवाले सांग सगळ्याइले, डबा बनेपर्यंत तरी.

कपाशी_दारव्हा: सांगतोच काका. ऑक्सिजनचा सेल नागपुरात सीताबर्डीले भेटंन काय कोणाले माहीत आहे? का ऑनलाइनच मागवा लागंन?