ॲव्रो मेव्हन प्लगइन: "अनडिफाइन्ड नेम" आणि रकमेच्या जागी बाइटबफर

रात्रपाळी
जावा १७, मेव्हन (बिल्ड करणारं साधन), ॲव्रो १.११.४ (डेटाची रचना सांगणाऱ्या स्कीमा फाइलींवरून जावा क्लास तयार करणारी लायब्ररी). सोर्स/मेन/ॲव्रो या फोल्डरमध्ये दोन स्कीमा आहेत: ॲड्रेस.एव्हीएससी आणि ऑर्डर.एव्हीएससी. ऑर्डरमध्ये ॲड्रेस हा प्रकार नेमस्पेससकट पूर्ण नावाने वापरलाय, तरी बिल्ड "अनडिफाइन्ड नेम" म्हणून फुटतो. ॲड्रेसची फाइल अक्षरक्रमात आधीच येते, म्हणजे क्रमाचा प्रश्न नसावा. ॲड्रेसची व्याख्या ऑर्डरमध्येच लिहिली की क्लास तयार होतात, पण रकमेचं फील्ड बिगडेसिमलऐवजी (जावाचा अचूक दशांश प्रकार) बाइटबफर (कच्चे बाइट्स) येतं. शिवाय काफ्कावरून (मेसेज पोचवणारी यंत्रणा) वाचलेल्या ऑर्डरमधल्या मॅपवर गेट केलं की नल मिळतं. तोच मॅप प्रिंट केला तर की दिसते. पॉममध्ये (मेव्हनची सेटिंग फाइल) प्लगइनला फक्त स्कीमा हा गोल (करायचं काम) दिलाय, कॉन्फिगरेशन काहीच नाही.

बिल्डवाला
पहिली गोष्ट, अक्षरक्रमाचा इथे काही संबंध नाही. १.११ मध्ये कॉन्फिगरेशनमध्ये इम्पोर्ट्स नसतील तर प्लगइन प्रत्येक फाइलसाठी नवा पार्सर (स्कीमा वाचणारा भाग) उघडतो. ॲड्रेस वाचून झाला की तो पार्सर गेला, ऑर्डरला त्याचा पत्ताच नसतो. इम्पोर्ट्स दिले की सगळ्या फाइलींना एकच पार्सर मिळतो, आणि इम्पोर्टमधल्या फाइली आधी वाचल्या जातात. म्हणून इम्पोर्ट्सच्या आत एक इम्पोर्ट टाका आणि त्यात बेसडिरपासूनचा (प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरपासूनचा) ॲड्रेस.एव्हीएससीचा पूर्ण मार्ग द्या. इम्पोर्ट अनेक असतील तर मात्र क्रम पाळावा लागतो: ज्यावर इतर अवलंबून आहेत ती फाइल वर.

मग ऑर्डरमध्ये लिहिलेली ॲड्रेसची व्याख्या काढून टाका, फक्त नाव ठेवा. पार्सर एकच झाल्यावर तोच प्रकार दोनदा सापडला तर "कान्ट रीडिफाइन" येतो. आत्तापर्यंत तो दिसला नाही, कारण पार्सर वेगवेगळे होते.

गोल एक्झिक्युशनच्या आत आहे ना, आणि प्लगइन बिल्डच्या प्लगइन्समध्ये आहे ना, हेही बघून घ्या. नुसतं प्लगइनमॅनेजमेंटमध्ये ठेवलं तर ते चालत नाही आणि एररही येत नाही. टार्गेटमधलं जनरेटेड-सोर्सेस/ॲव्रो हे फोल्डर प्लगइन स्वतःच कंपाइलच्या यादीत घालतं, त्यासाठी बिल्ड-हेल्पर हे वेगळं प्लगइन लावायची गरज नाही. इंटेलिजेमध्ये लाल रेघा राहिल्या तर मेव्हनच्या खिडकीतून "जनरेट सोर्सेस अँड अपडेट फोल्डर्स" चालवा.

स्कीमा_कट्टा
रकमेबद्दल दोन ठिकाणं तपासा. एक म्हणजे स्कीमा. बऱ्याच जणांच्या फाइलीत लॉजिकलटाइप (बाइट्सचा खरा अर्थ काय हे सांगणारी नोंद) हा फील्डच्या पातळीवर, टाइपच्या शेजारी असतो. तिथे तो धरलाच जात नाही, फील्ड साधं बाइट्स राहतं. तो टाइपच्या आत हवा:

"टाइप": {"टाइप": "बाइट्स", "लॉजिकलटाइप": "डेसिमल", "प्रिसिजन": १२, "स्केल": २}

दुसरं पॉम. इनेबलडेसिमललॉजिकलटाइप हे मुळात फॉल्स असतं. ते ट्रू केल्याशिवाय स्कीमा बरोबर असूनही बाइटबफरच मिळणार. तारीख आणि वेळेला असं काही लागत नाही: डेट असेल तर लोकलडेट, टाइमस्टॅम्प-मिलिस असेल तर इन्स्टंट आपोआप येतं.

मॅपचं कारण स्ट्रिंगटाइप, हेही पॉममधलंच सेटिंग. तो न दिल्यास कॅरसिक्वेन्स धरला जातो, आणि डीकोड करताना प्रत्यक्षात युटीएफ८ या ॲव्रोच्या स्वतःच्या क्लासचे ऑब्जेक्ट तयार होतात. प्रिंट केल्यावर अक्षरं तीच दिसतात, पण युटीएफ८ आणि स्ट्रिंग यांचं इक्वल्स जुळत नाही. म्हणून गेटला नल. स्ट्रिंगटाइपमध्ये स्ट्रिंग लिहा.

हे बदल केल्यावर क्लीन चालवाच. जनरेट झालेली जावा फाइल एव्हीएससीपेक्षा नवी असेल तर प्लगइन ती पुन्हा लिहीत नाही, आणि पॉम बदलल्याने एव्हीएससीची वेळ बदलत नाही. "सेटिंग लावलं पण फरकच पडला नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

रात्रपाळी
तिन्ही सुटलं, आभार. रक्कम आता बिगडेसिमल आहे. पण काही ऑर्डर काफ्कावर टाकताना "स्केल ४ चा डेसिमल राउंडिंगशिवाय स्केल २ मध्ये एन्कोड करता येत नाही" अशा अर्थाचा एक्सेप्शन येतो (स्केल म्हणजे दशांश स्थळं). बाकीच्या ऑर्डर त्याच कोडमधून सुरळीत जातात. हे का?

स्कीमा_कट्टा
जीएसटीचा गुणाकार असणार. २४९.५० ला ०.१८ ने गुणलं की ४४.९१०० येतं. स्केल ४ असलं तरी शेवटची शून्यं टाकून ते दोन स्थळांत बसतं, म्हणून जातं. २४९.७५ घेतलं तर ४४.९५५० येतं, तिथे राउंडिंग करावं लागतं, आणि ॲव्रो ते स्वतःहून करत नाही. पैशांच्या बाबतीत ते योग्यच आहे. सेटर आणि बिल्डर हे तपासत नाहीत, एक्सेप्शन थेट सीरियलाइझ करताना (ऑब्जेक्टचे बाइट्स बनवताना) येतो, त्यामुळे स्टॅकट्रेसमध्ये मूळ ओळ दिसत नाही. रक्कम सेट करण्याआधी सेटस्केल(२, राउंडिंगमोड.हाफ_अप) करा. राउंडिंग प्रत्येक ओळीवर करायचं की एकूण रकमेवर, हे मात्र हिशेबवाल्यांना विचारून ठरवा, दोन्हींत पैशांचा फरक पडतो. टेस्टमध्येही ४४.९५५० सारखी किंमत ठेवा.

बिल्डवाला
स्कीमा रजिस्ट्री (स्कीमांच्या आवृत्त्या साठवणारी सेवा) वापरत असाल तर एक भर. स्ट्रिंगटाइप बदलल्यावर क्लासमधल्या स्कीमात प्रत्येक स्ट्रिंगला "ॲव्रो.जावा.स्ट्रिंग" ही प्रॉपर्टी चिकटते. मग फाइलीतला स्कीमा आणि क्लासमधला स्कीमा रजिस्ट्रीला वेगळे वाटू शकतात आणि विनाकारण नवी आवृत्ती नोंदली जाते. कॉन्फ्लुएंट या कंपनीच्या सीरियलायझरला "ॲव्रो.रिमूव्ह.जावा.प्रॉपर्टीज" ट्रू द्या.

आणि पुढे कूपनसारखं ऐच्छिक फील्ड वाढवाल तेव्हा युनियनमध्ये (एकाच फील्डच्या पर्यायी प्रकारांची यादी) नल आधी, स्ट्रिंग नंतर, डीफॉल्ट नल. १.११ मध्ये डीफॉल्ट युनियनमधल्या पहिल्या प्रकाराशी जुळावा लागतो. उलट लिहिलं तर पार्सर "इनव्हॅलिड डीफॉल्ट" म्हणून तिथेच थांबू शकतो. डीफॉल्ट दिलाच नाही तर बिल्ड होईल, पण नव्या क्लासने जुने मेसेज वाचताना एक्सेप्शन येईल.