मदत हवी आहे: सहावी ते आठवीचा पट, आधार आणि संचमान्यता

बीडकडच्या छोट्या शहरातली जिल्हा परिषद शाळा. संचमान्यता (शाळेला किती शिक्षकपदं मंजूर, त्याची मान्यता) 30 सप्टेंबरच्या पटावर होते, पण आधार शाळेच्या नोंदीशी जुळलं नाही तर वर्गात बसलेलं मूलही मोजणीत नाही! बहुतेक घोळ नावाच्या स्पेलिंगचा, काही ठिकाणी जन्मतारखेचा. कायद्याने या गटाला 35 मुलांमागे एक शिक्षक. शिवाय विज्ञान-गणित, भाषा, सामाजिक शास्त्र यांना प्रत्येकी एक. पट घसरला की पहिला फटका गणिताला.

जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेश नोंदवही) बरोबर असेल तर आधार दुरुस्तीला बोनाफाईड चालतं का, की जन्मदाखलाच लागतो? दुसरं, दिवाळीच्या सुमारास पालक ऊसतोडीला निघतात, पोरंही जातात, भागाकार अर्धवट राहतो. पालक बाहेर असताना मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाच्या प्रस्तावाला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, स्थलांतरित पालकांची यादी, आणखी काय जोडता? नमुना असेल तर टाका.